उन्हाळी प्रकल्प ते रविवारची स्वयंसेवा : विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी बंगळुरूत काय आहे?

बंगळुरू : दिवाळी सरली की विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो. पुढचा उन्हाळा कोठे घालवायचा? नांदेड, सोलापूर, जळगाव किंवा अमरावतीच्या विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर बंगळुरूत सापडू शकते. मात्र ते मार्च-एप्रिलमध्ये शोधायला निघालेल्याच्या हाती सहसा काही लागत नाही. प्रमुख उन्हाळी संशोधन योजनांचे अर्ज कितीतरी आधी, साधारणतः आदल्या हिवाळ्यातच भरून घेतले जातात. ही साधी माहिती ज्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचत नाही, तेथील हुशार विद्यार्थी स्पर्धेत उतरण्याआधीच तिच्याबाहेर पडलेले असतात.

उन्हाळी प्रकल्प ही या शहरातील संधींची एक बाजू झाली. दुसरी बाजू स्वयंसेवेची आहे आणि तिची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. शाळकरी मुलांना प्रयोग समजावून सांगणे, झाडांच्या मोहोराची नोंद ठेवणे, आपल्या विषयातील लेख मातृभाषेत आणणे अशी ही कामे आहेत. त्यांना विद्यावेतन बहुधा नसते, पण शिफारसपत्रही लागत नाही. या दोन्ही बाजूंचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत केली की नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

बंगळुरूच्या वैज्ञानिक नकाशाची एक सोय आहे. मेखरी सर्कलच्या आसपास भारतीय विज्ञान संस्था, रामन संशोधन संस्था आणि भारतीय विज्ञान अकादमी एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. तेथून बळ्ळारी रस्त्याने येलहंकाच्या दिशेने निघाले की कृषी विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, लागते आणि पुढे जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र. भारतीय खगोलभौतिकी संस्था दक्षिणेला कोरमंगल भागात, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र शहराबाहेर हेसरघट्टा परिसरात आहे. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे येणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसने उतरलेल्या नवख्या विद्यार्थ्याला रिक्षावाल्याशी ‘भारतीय विज्ञान संस्था’ या नावाने बोलून उपयोग होईलच असे नाही. ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटले की पत्ता चटकन कळतो. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून १९०९ साली उभ्या राहिलेल्या संस्थेचे हे जुने नाव शहराने अजून सोडलेले नाही.

बाहेरगावच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे दार भारतीय विज्ञान अकादमीचे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली ही अकादमी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी यांच्यासह संयुक्त उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती चालवते. निवड झालेला विद्यार्थी देशातील एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सुमारे दोन महिने काम करतो. त्याला अधिछात्रवृत्ती आणि प्रवासखर्च मिळतो. महाविद्यालयीन शिक्षकांनाही या योजनेत अर्ज करता येतो, ही गोष्ट आपल्याकडील अनेक प्राध्यापकांच्या गावीही नसते. अर्जासोबत गुणपत्रिका, आपल्याला कशावर आणि का काम करायचे आहे याचे छोटे निवेदन आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते.

विद्यार्थी गुणांची काळजी करतात, निवेदनाची करत नाहीत. हिशेब उलटा हवा. ‘मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. आपण कोणता प्रयोग केला, तो कोठे फसला आणि त्यातून कोणता प्रश्न पडला हे चार ओळींत लिहिणारा अर्ज वेगळा उठून दिसतो. शिफारसपत्राचेही तसेच. विभागप्रमुखांच्या नावाने निघालेल्या साच्यातल्या पत्रापेक्षा ज्यांनी विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करताना पाहिले आहे त्या शिक्षकांचे पत्र अधिक बोलके असते, मग ते शिक्षक पदाने कनिष्ठ का असेनात.

जक्कूरच्या नेहरू केंद्राची स्वतःची उन्हाळी अधिछात्रवृत्ती आहे. रामन संशोधन संस्था आणि खगोलभौतिकी संस्था बाहेरच्या विद्यार्थ्यांना अभ्यागत विद्यार्थी म्हणून घेतात. हेसरघट्ट्याच्या सैद्धांतिक विज्ञान केंद्रात भौतिकशास्त्र आणि गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एस. एन. भट यांच्या स्मरणार्थ अधिछात्रवृत्ती दिली जाते. प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे आणि वर्षागणिक बदलणारे असते. ते संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ऑक्टोबरपासून पाहत राहणे, हाच त्यावरचा उपाय.

दोन महिन्यांत नेमके काय होते? अपेक्षा वाजवी ठेवलेली बरी. पहिले दहा-बारा दिवस परिसर, सुरक्षेचे नियम आणि उपकरणे समजून घेण्यात जातात. त्यानंतर एखादा लहानसा प्रश्न हाती येतो, तो बहुधा एखाद्या पीएचडी विद्यार्थ्याच्या मोठ्या कामाचा तुकडा असतो. शोधनिबंधावर नाव येण्याइतके काम या अवधीत क्वचितच होते. हाती लागते ते निराळेच. प्रयोगवहीत रोज तारखेनिशी काय लिहायचे, न जुळणारे निरीक्षण खोडून टाकायचे नाही तर का जपून ठेवायचे, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत वरिष्ठांच्या निष्कर्षावर शंका कशी घ्यायची, हे पाठ्यपुस्तकात नसलेले शिक्षण तेथे मिळते. आपल्याला संशोधन करायचेच नाही, हा शोधही कित्येकांना याच दोन महिन्यांत लागतो. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी तो लागण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

बिनपगारी कामाचा हिशेब

या जाहीर योजनांशिवाय आणखी एक वाट आहे. विद्यार्थी थेट शास्त्रज्ञाला ईमेल लिहितो, शास्त्रज्ञाला गरज असली तर तो ‘या’ म्हणतो. अशा कामाला अनेकदा विद्यावेतन नसते, वसतिगृहातील खोलीची हमीही नसते. ज्याचे नातेवाईक जयनगरला किंवा मल्लेश्वरमला राहतात त्याला हे परवडते. ज्याला खोलीचे भाडे, खानावळ आणि बसपास यांचा खर्च घरून मागवावा लागतो, त्याला संधी मिळूनही ती घेता येत नाही. या शहरातील विज्ञानाची दारे उघडी आहेत हे खरे. पण ती कोणासाठी किती उघडी आहेत, हे पुष्कळदा बंगळुरूच्या घरभाड्यावर ठरते. म्हणूनच ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत त्याने आधी विद्यावेतन देणाऱ्या योजनांसाठीच जोर लावावा आणि बिनपगारी कामाला होकार देताना त्याची मुदत आधीच ठरवून घ्यावी.

शुल्क घेऊन ‘संशोधन इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी वर्गांचे प्रमाणही गेल्या काही वर्षांत वाढले आहे. वर उल्लेखलेल्या योजनांमध्ये संस्था विद्यार्थ्याला पैसे देते. जेथे विद्यार्थ्याने संस्थेला मोठे शुल्क द्यायचे असते तेथे तो ग्राहक असतो, संशोधक नव्हे, एवढी खूणगाठ मनाशी बांधलेली असावी.

दार उघडण्याचा प्रश्न या शहरात नवा नाही आणि त्यात एका मराठी नावाला मोठा मान आहे. मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यासाठी आल्या. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. संचालकपदी असलेल्या रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते आणि काम समाधानकारक ठरल्यासच पुढचा विचार होणार होता. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्या कामानंतर संस्थेने स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली. पुढे केंब्रिज येथून १९३९ साली त्यांनी पीएचडी मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून कमला सोहोनी हे नाव आज ओळखले जाते.

त्यांच्या चरित्रातील उत्तरार्ध तुलनेने कमी सांगितला जातो. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या कमलाबाई भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्यांनी लेख लिहिले. प्रथिनांच्या रसायनाची जाण असलेली व्यक्ती बाजारातल्या मालाविषयी सामान्य ग्राहकाशी बोलू लागते, तेव्हा स्वयंसेवा आणि विद्वत्ता या दोन गोष्टी वेगळ्या उरत नाहीत.

वर्षातले दहा दिवस

सरकारनेही हा विचार आता कागदावर आणला आहे. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मे २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातील किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. ही सक्ती नव्हे, अपेक्षा आहे. प्रधानमंत्री संशोधन अधिछात्रवृत्तीत मात्र अट थेट आहे. पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ७०,००० रुपये देणाऱ्या या योजनेतील विद्यार्थ्याने जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात आठवड्यातून एकदा शिकवावे, असे तिच्या रचनेतच बसवले आहे. इतर बहुसंख्य संशोधक विद्यार्थ्यांना कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचे ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्यांच्याकडून अशी लेखी अपेक्षा नसते. त्यांनी शिकवले तर ते आपखुशीने. स्वयंसेवेसाठी प्रयोगशाळेतून रजा मिळणे अजूनही पुष्कळ अंशी मार्गदर्शकाच्या मर्जीवर अवलंबून असते आणि दहा दिवसांच्या शिफारशीने त्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही.

अशा कामाची खरी किंमत २०२० साली दिसली. कोविडची साथ पसरली तेव्हा चाचण्यांसाठी प्रशिक्षित हातांची टंचाई होती. आरटी-पीसीआर चाचणीत नमुन्यातून आरएनए वेगळे करणे, सूक्ष्म प्रमाणात द्रव मोजून घालणे, शेकडो नमुन्यांच्या क्रमांकांचा घोळ होऊ न देणे, ही कामे रेण्वीय जीवशास्त्राचा विद्यार्थी रोजच्या संशोधनात करतच असतो. एनसीबीएस आणि शेजारच्या इनस्टेम संस्थेच्या परिसरात उभ्या राहिलेल्या चाचणी प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी आणि तरुण शास्त्रज्ञ स्वयंसेवक म्हणून उतरले. संशोधनात एखादी नळी चुकीच्या खाचेत गेली तर प्रयोग पुन्हा करता येतो. येथे प्रत्येक नळीमागे अहवालाची वाट पाहणारे एक कुटुंब होते.

त्याच काळात प्रयोगशाळेबाहेरही काम चालू होते. ‘इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९’ या स्वयंसेवी गटात देशभरातील शेकडो शास्त्रज्ञ एकत्र आले आणि अफवांची उत्तरे अनेक भारतीय भाषांत तयार झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था, भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या पुढाकाराने ‘कोविडज्ञान’ हा बहुभाषिक उपक्रम एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला. ‘अँटिबॉडी’ आणि ‘अँटिजेन’ यांतील फरक आजीला कळेल अशा शब्दांत सांगणे किती अवघड आहे, याची जाणीव अनेक तरुण संशोधकांना तेव्हा प्रथम झाली.

एरवीच्या शांत काळात ही कसोटी भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘ओपन डे’ला लागते. बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये एक दिवस संस्थेचे सारे विभाग सर्वांसाठी खुले होतात आणि पालक-मुलांच्या रांगा लागतात. उपकरणामागे उभे राहून समजावण्याचे काम मुख्यतः विद्यार्थी करतात. महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याची येथे एक गंमत होते. मराठी शाळेत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि अणू एकत्र येऊन ‘रेणू’ बनतो. कन्नडमध्ये, हिंदीप्रमाणेच, मूलद्रव्याच्या त्या कणाला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने ‘अणु’ म्हणणारा मराठी विद्यार्थी समोरच्या सातवीतल्या मुलाला भलतेच काहीतरी सांगत असतो. संज्ञा पाठ असणे आणि संकल्पना समजलेली असणे यांतील अंतर अशा वेळी उघडे पडते, कारण शब्दाचा आधार सुटला की वस्तू दाखवूनच सांगावे लागते.

वर्षभर चालणारी कामेही आहेत. शहराच्या मध्यभागातील जवाहरलाल नेहरू तारांगण ‘बंगळुरू असोसिएशन फॉर सायन्स एज्युकेशन’ ही संस्था १९९२ पासून चालवते. तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारी ‘रीप’ नावाने विज्ञानाचे वर्ग होतात आणि शहरातील संशोधक येऊन शिकवतात. सैद्धांतिक विज्ञान केंद्राची ‘कापी विथ क्युरिऑसिटी’ ही व्याख्यानमाला सर्वांसाठी खुली असते. हेब्बाळजवळ बळ्ळारी रस्त्यावरच्या सायन्स गॅलरीने जानेवारी २०२४ मध्ये ‘कार्बन’ या प्रदर्शनाने आपली इमारत खुली केली. तेथे प्रदर्शनातील वस्तूंविषयी प्रेक्षकांशी बोलण्याचे काम तरुणांकडे असते. भारतीय विज्ञान संस्थेच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे परिसरात शाळा-महाविद्यालयांतील विज्ञान शिक्षकांना प्रत्यक्ष प्रयोगांचे प्रशिक्षण दिले जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावे असे ते काम आहे.

झाडाखालची प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत जागा मिळाली नाही तरी संशोधनाची शिस्त शिकता येते, याचे चांगले उदाहरण म्हणजे ‘सीझनवॉच’. निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान आणि एनसीबीएस यांच्या सहभागातून सुरू झालेल्या या उपक्रमात स्वयंसेवकाने एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याच झाडाची नोंद करायची. कोवळी पालवी, जून पाने, कळ्या, फुले, फळे यांपैकी प्रत्येक गोष्ट मुळीच नाही, थोडी आहे की पुष्कळ आहे, एवढेच लिहायचे. काम दोन-चार मिनिटांचे. अवघड आहे ते सातत्य. परीक्षेच्या आठवड्यात, पावसात, झाडावर काहीच घडत नसताना नोंद करायची असते. ‘काही नाही’ ही सुद्धा नोंद असते आणि नंतर तीच मोलाची ठरते, कारण बहर कधी आला हे कळण्यासाठी तो कधी नव्हता हे माहीत असावे लागते.

केरळमध्ये एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषू सणाला बहाव्याची फुले लागतात. ती सणाच्या बऱ्याच आधी फुलू लागल्याची चर्चा तेथे होत असते. ही जुन्या माणसांची नुसती आठवण आहे की हवामानातील बदलाची खूण, हे ठरवायला हजारो झाडांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. एवढे निरीक्षक कोणत्याही एका संस्थेकडे असू शकत नाहीत. बंगळुरूत हिवाळा संपताना गुलाबी टॅबेबुया आणि नंतर निळा-जांभळा जॅकरांडा फुलतो. ही दोन्ही परदेशी झाडे छायाचित्रांत भाव खाऊन जातात. निरीक्षकाने आपल्या करंजाकडे किंवा बहाव्याकडे लक्ष दिलेले अधिक उपयोगी. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांसाठी १९७२ साली स्थापन झालेल्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाची लालबागेतील रविवार सकाळची फेरी आहे. भौतिकशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा विद्यार्थीही तेथे अडाणी ठरत नाही. उलट गोळा झालेल्या माहितीतील नमुन्याचा कल कसा ओळखायचा हे त्याला इतरांपेक्षा बरे कळते.

मराठीत लिहू शकणाऱ्याला आणखी एक काम बंगळुरूत बसूनच करता येते. येथील गुब्बी लॅब्जच्या ‘रिसर्च मॅटर्स’ने भारतीय संशोधनाच्या बातम्या मराठीसह अनेक भाषांत दिल्या आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे आणि विज्ञानातील त्याच्या अनेक नोंदी आजही दोन-तीन ओळींच्या पुढे गेलेल्या नाहीत. आपल्या प्रबंधाच्या विषयावर मातृभाषेत सहाशे शब्द लिहून पाहावेत. कोणती संज्ञा आपल्याला नुसती ऐकून माहीत आहे, ते दुसऱ्याच परिच्छेदात कळते.

होकार देण्यापूर्वी मात्र काही गोष्टी विचारायलाच हव्यात. आठवड्याला तास किती, काम कोणाच्या देखरेखीखाली, विद्यावेतन आहे का, नसल्यास प्रवासखर्च मिळेल का, अनुभवपत्र कोण देणार, आपल्या कामातून निबंध निघाला तर श्रेयाचे काय, रसायने किंवा जैविक नमुने हाताळण्याआधी सुरक्षा प्रशिक्षण मिळणार का? ही उत्तरे ईमेलने मागवावीत, म्हणजे ती आपोआप लेखी राहतात. असे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून आपल्याकडचे विद्यार्थी गप्प बसतात. चांगल्या प्रयोगशाळेला या प्रश्नांचा राग येत नाही.

विद्यार्थिनींना माहीत असावी अशी आणखी एक बाब कायद्यात आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या पगारापुरती मर्यादित नाही. प्रशिक्षणार्थी आणि मोबदल्याविना स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही तीत येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. दोन महिन्यांसाठी आलेली उन्हाळी विद्यार्थिनी किंवा रविवारपुरती येणारी स्वयंसेविका त्या समितीकडे तक्रार करू शकते. समितीच्या सदस्यांची नावे संस्थेने दर्शनी जागी लावलेली असणे अपेक्षित आहे. पहिल्या दिवशी ओळखपत्र घेतानाच ती पाहून ठेवावीत.